इंजिनिअर व्हायचंय? मग हाताला ऑइल लागू देऊ नका

थर्ड इयरला आलात ना? म्हणजे प्रोजेक्ट आला. विषय शोधत बसू नका. मराठवाड्यात विषय एकच, स्वयंचलित ठिबक. बोअरला पाणी असो नसो, ठिबक स्वयंचलितच पाहिजे. एक आर्डुइनो (प्रोग्रॅम भरायचं छोटं सर्किट बोर्ड), मातीत खुपसायचा सेन्सर, पाच व्होल्टचा पंप, आइस्क्रीमच्या कपात पाणी आणि होस्टेलच्या खिडकीतली तुळस. झालं शेत. वायरी जोडायची गरज नाही, सगळं जोडलेलंच विकत मिळतं. रिपोर्टही सोबत येतो, फक्त कॉलेजचं नाव सगळ्या पानांवर बदला. आमच्या ग्रुपनं कव्हरवरचं तेवढं बदललं आणि ऋणनिर्देशात भलत्याच प्राचार्यांचे आभार मानून बसलो. मार्क कापले गेले नाहीत. तिथपर्यंत कुणी वाचलंच नव्हतं.

प्रस्तावनेत परदेश हवाच. अमेरिकेत सिनसिनाटीला हर्मन श्नायडरनं १९०६ सालीच पोरांना आलटून पालटून वर्गात आणि पगारी कामावर धाडलं. डेन्मार्कचं ऑलबोर्ग विद्यापीठ १९७४ पासून प्रोजेक्टभोवतीच शिकवतं. हे टाइप करा. करून बघा असं कुणी म्हटलेलं नाही.

आता इंटर्नशिप. वाळूज एमआयडीसीत आधी मामा शोधा. मामा लाइनवर असला तरी चालेल, लेटरहेडशी मतलब. पैशांचं विचारू नका. २०१९ च्या नियमांनी अप्रेंटिसला महिना किमान ९,००० रुपये ठरवले खरे, पण ते पदवीधराला. तोवर ‘पेड इंटर्नशिप’ म्हणजे फी तुम्ही भरायची, चार आठवडे ऑनलाइन क्लास लावून मोबाईल म्यूट ठेवायचा आणि क्यूआर कोडवालं सर्टिफिकेट घ्यायचं.

चुकून खरंच शॉपवर घेतलं तर सांभाळा. तिथला सुपरवायझर भोकाचं माप तपासायचा गो-नोगो गेज हातात देतो; ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ जाता कामा नये. आठ दिवस नुसते बुश (धातूच्या छोट्या नळ्या) तपासायचे. नवव्या दिवशी ‘नो-गो’ बाजू आत शिरते, अख्खी ट्रे बाजूला काढावी लागते आणि टॉलरन्स म्हणजे काय, मापात किती फरक चालतो, ते डोक्यात कायमचं बसतं. असली सवय व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नडते.

व्हायव्हाला एक्स्टर्नलनं (बाहेरून आलेल्या परीक्षकानं) कुंडीत बोट घातलंच आणि विचारलं, "माती ओली आहे, मग मोटर बंद का होईना?" तर घाबरू नका. "सर, डेमो मोड आहे," म्हणा.

सुट्टीत गावी गेल्यावर बाप म्हणेल, "स्टार्टर ट्रिप व्हायलंय, बघ की रं जरा." सांगा, "अण्णा, ते इलेक्ट्रिकलचं. माझं मेकॅनिकल." तोवर अण्णांनी आठवी नापास वायरमनला फोन लावलेला असतो. तो येतो, रिले बघतो, मोटर चालू करतो आणि दोनशे रुपये घेतो. रोख.