बघायला कोण येतंय?

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका काकांकडे गेले होते. काकू जाऊन दोन वर्षं झालीत. काकांचा आवाज तोच, खणखणीत. पण पायांकडे नजर गेली आणि चरकले. नखं वाढून वळली होती. चष्म्याच्या काचा बोटांच्या ठशांनी धुरकट. गोळ्यांच्या डबीत सोमवारचा कप्पा रिकामा, मंगळवारपासून सगळे भरलेले. आणि त्या दिवशी होता शनिवार.

"काका, नखं नाही कापलीत?"

"वाकवत नाही गं आता. आणि बघायला कोण येतंय?"

वाकवत नाही, यावर उपाय आहे. दुसऱ्या वाक्यानं मात्र पोटात कालवलं.

स्वतःची अशी आबाळ करणाऱ्यांना आपण हट्टी, आळशी म्हणून मोकळे होतो. मला हे अजिबात पटत नाही. पडायच्या भीतीनं आंघोळ टळते, अंगाला वास येईल म्हणून चारचौघांत जाणं टळतं, आणि कुणी भेटणारच नसेल तर आंघोळ तरी कशाला? ऐकू कमी यायला लागलं की हेच दुष्टचक्र आणखी लवकर सुरू होतं. कधी यामागे नैराश्य असतं, कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवात. म्हणून डॉक्टरांना दाखवायलाच हवं. शिकागोतल्या नऊ हजारांहून जास्त वृद्धांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशी आबाळ नोंदली गेलेल्यांना पहिल्या वर्षभरात मृत्यूचा धोका इतरांच्या जवळपास सहापट दिसला. "म्हातारपणी असं चालायचंच" म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आपण फोन करतो. "बरे आहात ना?" "बरा आहे." फोनवर नखं दिसत नाहीत हो! आणि एकदाच जाऊन, त्यांना न विचारता घर लख्ख करून येणं हाही उपाय नाही. त्यात त्यांचा मान जातो, आणि पुढच्या वेळी दार उघडायलाही ते कचरतात. जायचं ते ठरलेल्या दिवशी, वाट बघता येईल असं. आणि जे करायचं ते विचारून.

मी विचारलं. आधी नको नको म्हणाले, मग कोमट पाण्यात पाय बुडवून बसले. नखं कापून होईपर्यंत काकूंबद्दल बोलत होते. निघताना म्हटलं, पुढच्या शनिवारी येते.

ठरल्याप्रमाणे मी गेले. डबीतले दोन कप्पे अजून भरलेलेच होते. चष्मा मात्र स्वच्छ पुसलेला होता.