सोरायसिस, खोबरेल तेल आणि मुळासकट बरे करणारी पुडी

सोरायसिस झालेल्या माणसाला नागपुरात सल्ल्यांची ददात कधीच पडत नाही. लग्नात शेजारी जेवायला बसलेले काका कोपरावरचा पांढरा थर पाहून वांगी आणि सावजी बंद करायला सांगतात, कुणी कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ सुचवते, आणि हात धुऊन होईपर्यंत कुठल्यातरी गावच्या अशा वैद्याचा पत्ता मिळालेला असतो, ज्याच्या पुडीने म्हणे हा आजार मुळासकट जातो. अनेक वर्षे या आजारासोबत काढल्यानंतर माझे मत असे आहे की घरगुती उपाय आणि डॉक्टरांची औषधे यांच्यात भांडण लावण्याचे कारण नाही. मात्र कोणाचे काम कुठे संपते, हे ठाऊक असले पाहिजे.

निरोगी त्वचेतील पेशी तळापासून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेतात. सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच चुकीचे इशारे देत राहते, त्यामुळे हाच प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो आणि कच्च्या पेशींचे खवले थरावर थर साचत जातात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे सलूनमध्ये टाळू पाहून कंगवा बाजूला ठेवणाऱ्यांना अजूनही सांगावे लागते. तो कायमचा बरा करणारे औषध आज कोणत्याही पॅथीत नाही. आटोक्यात मात्र तो चांगला राहतो.

घरगुती उपायांचे खरे काम त्वचेचा ओलावा टिकवण्याचे आहे, आणि ते काम लहान नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हिवाळ्यातली हवाही कोरडीच असते. कोमट पाण्याने आटोपशीर आंघोळ करावी, अंग न घासता टॉवेलने टिपून घ्यावे, आणि कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलिन लावावे. डिसेंबरमध्ये बाटलीत थिजलेले तेल तळहातावर चोळून पातळ करून लावले, की दुपारपर्यंत काळ्या सदऱ्याच्या खांद्यावर पडणारा कोंडा निम्म्याने कमी झालेला मला तरी दिसतो. याउलट संत्र्याच्या वाळवलेल्या सालींची भुकटी घालून केलेले उटणे, जे आपल्या घराघरांत मोठ्या कौतुकाने होते, ते या चट्ट्यांवर रगडणे म्हणजे आगीत तेल ओतणे आहे. सोरायसिसमध्ये जिथे कातडी खरचटते, तिथे नवा चट्टा उठू शकतो. केब्नर नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. लिंबू आणि लसणाचा लेपही त्याच कारणाने वर्ज्य.

तेलाने सूज उतरत नाही, तिथे औषध लागते. सूज उतरवणारे स्टेरॉइडचे मलम, कॅल्सिपोट्रिऑल हे ड जीवनसत्त्वाच्या जातीचे मलम, दगडी कोळशापासून काढलेले कोलटार, फार पसरल्यास ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा उपचार, रोगप्रतिकार यंत्रणेला आवर घालणारे मेथोट्रेक्सेट आणि त्याहून महाग इंजेक्शने, असा हा चढता क्रम आहे, आणि कोणत्या पायरीवर थांबायचे ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतात. खासगी फी परवडत नसेल, तर नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट ठळकपणे लिहितो: या आजारात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्याने लोकांचे जीव गेले आहेत. घरी कॅलेंडरवर वार ठरवून ठेवावा, रक्ताच्या तपासण्या चुकवू नयेत, दारू टाळावी, आणि मूल हवे असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

आता त्या पुडीविषयी. जिच्या पाकिटावर घटकांची नावे नाहीत आणि जिने आठवडाभरात अंग लख्ख होते, तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी, कारण अशी भेसळ वेळोवेळी पकडली गेली आहे. पुडी घेतो तोवर सगळे छान असते; ती अचानक बंद पडली, की आजार पूर्वीपेक्षा दुप्पट जोराने उसळू शकतो, कधी सगळे अंग लालबुंद होऊन दवाखान्यात भरती व्हावे लागते. हीच गोष्ट औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबची. मी आयुर्वेदाच्या विरोधात मुळीच नाही. पदवीधर वैद्य काय देतात ते लिहून देतात, आणि तो कागद त्वचारोगतज्ज्ञांनाही दाखवता येतो. माझा आक्षेप निनावी औषधाला आहे.

पथ्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर वांग्याने सोरायसिस वाढतो याला भक्कम आधार नाही. सिगारेट, दारू आणि वाढलेले वजन यांचा संबंध मात्र पक्का आहे, पण त्यांचे नाव कुणी चटकन काढत नाही.

सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतील, टाच दुखत असेल किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले असतील, तर तो वात समजून निर्गुडीचे तेल चोळत बसू नये. सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांना पुढे सांधेदुखी जडते, आणि उपचार लांबले, तर सांध्याची झालेली झीज भरून येत नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो म्हणून सांध्यांचे बोलायचे नाही, असे समजू नये. पुढच्या भेटीत हे त्यांच्या कानावर जरूर घालावे.