एक तारा देणाऱ्या ताईंना लोहामंडीतून उत्तर

नमस्कार ताई,

इंदूरच्या लोहामंडीतल्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसला एक तारा देऊन तुम्ही लिहिलेली तक्रार मुलाने काल रात्री वाचून दाखवली. शेव-चिवड्याच्या १४ पेट्या इंदूरहून तिसऱ्या दिवशी पुण्याला लागल्या, पण गोडाऊनवाल्यांनी तुमच्या दिरांना माल सोडला नाही. ‘एलआर आणा’ म्हणाले, म्हणजे ट्रकने माल पाठवल्याची पावती, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही एलआर दिलीच नव्हती, नुसती बिल्टी दिली. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालला नाही, तीन दिवस गेले, वर डॅमरेज (गोडाऊनात माल पडून राहिल्याचं भाडं) लागलं, वजन जास्त धरलं, एक पेटी दबली. शेवटी ‘लुटारू’. शब्द लागला, पण तुमच्या जागी असतो तर मीही काही गोड लिहिलं नसतं.

आधी नावाचं. बिल्टी आणि एलआर एकच. इंदुरात हमालापासून शेठपर्यंत सगळे बिल्टी म्हणतात, पुण्या-मुंबईकडे एलआर म्हणतात, कुणी जीआर मागतो, आणि २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात तिलाच गुड्स रिसीट म्हटलंय. तुमच्या पर्समध्ये होता तो पांढरा कागद हीच ती एलआर. फोनवर कुणी एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर तुमची अर्धी धावपळ वाचली असती.

घोटाळा झाला तो ‘सेल्फ’ या शब्दामुळे. आमच्या मुलाने काउंटरवर ‘माल कोणाच्या नावे?’ विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘सध्या माझंच लिहा, पुण्यातलं नाव कळवते.’ त्याने घेणाऱ्याच्या रकान्यात ‘सेल्फ’ टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आमच्या धंद्यात सेल्फ बिल्टीचा अर्थ पक्का आहे: पाठवणाऱ्याची मागे सही असलेली मूळ बिल्टी जो आणेल, माल त्याचा. व्यापारी ही मुद्दाम बनवतात. समोरच्याने पैसे दिल्याशिवाय बिल्टी हातात द्यायची नाही, म्हणजे मालही अडकून राहतो. तुम्हाला याची गरजच नव्हती. माल घरच्याच माणसाकडे जायचा होता, दिरांचं नाव लिहिलं असतं तर ओळखपत्र दाखवून काम झालं असतं.

फोटोवर माल का नाही दिला? कारण फोटो दहा जणांकडे जाऊ शकतो, कागद एकच असतो. आमच्या वडिलांनी एकदा ओळखीच्या फोनवर सेल्फ बिल्टीचा माल सोडला होता. दुसऱ्या दिवशी मूळ बिल्टी घेऊन भलताच माणूस दारात उभा. पैसे घरातून भरावे लागले. त्यामुळे पुण्याच्या माणसाला मी दोष देणार नाही. दोष इथल्या ऑफिसचा. तुम्ही शनिवारी संध्याकाळी फोन केलात तेव्हा ‘मूळ बिल्टी घेऊन या, सेल्फ खोडून दिरांचं नाव घालतो आणि पुण्याला कळवतो’ असं सांगायला हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही, आणि तुम्ही बिल्टी कुरियरने पाठवत बसलात. तीन दिवसांचं डॅमरेज ४५० रुपये झालं, ते आम्ही परत करतो.

‘ई-वे बिल होतं ना, मग बिल्टी कशाला?’ असंही तुम्ही लिहिलंय. ई-वे बिल सरकारसाठी असतं. माल ५०,००० च्या वरचा असला की लागतं, वाटेत गाडी थांबवली की ड्रायव्हर तेच दाखवतो. माल कोणाच्या हातात द्यायचा हे त्यावरून ठरत नाही.

वजनाचं मात्र मी मान्य करणार नाही. काट्यावर पेटी १८ किलो भरली, बिल्टीवर २८ लागली, हे खरं. पण पेटी होती २४ बाय १८ बाय १६ इंच, म्हणजे ४ घनफूट. आमच्याकडे घनफुटाला ७ किलो धरतात, ते झाले २८. शेव हलकी, पण ट्रकमधली जागा तेवढीच खाते. त्या दिवशी तुमच्याच शेजारी नटबोल्टच्या पेट्या लागल्या होत्या. लहानशी पेटी, दोघांनी उचलायची, तिचं भाडं काट्याच्या वजनानेच घेतलं. बिल्टीवर दोन्ही वजनं वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेली आहेत, लपवलेलं काही नाही.

दबलेल्या पेटीचं: आमच्या माणसाने तुम्हाला ‘ओनर्स रिस्क’चा (नुकसान झालं तर जोखीम मालाच्या मालकाची) शिक्का दाखवून वाटेला लावलं, ते चूक. जादा दर घेऊन आम्ही जोखीम उचललेली नसली तरी कायद्याप्रमाणे भाड्याच्या दहापटीपर्यंत जबाबदारी आमची असते. तुमचं भाडं २,७४४ रुपये आणि बिलात पेटीची किंमत ४,२००, म्हणजे पूर्ण रक्कम बसते. दिरांनी माल घेताना पावतीवर ‘एक नग दबलेला’ असा शेरा लिहून घेतला, हे फार बरं केलं. बहुतेक लोक नुसती सही करतात आणि मग भांडायला हातात काही राहत नाही.

दावा लेखी लागतो, बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत. तुमचे अजून पुष्कळ दिवस आहेत, पण उगाच लांबवू नका. लोहामंडीच्या ऑफिसात दुपारी बारानंतर या, सकाळी गाड्या भरायची गडबड असते. अर्ज आम्ही लिहून देऊ, तुम्ही सही करा. शेऱ्याची पावती दिरांकडे पुण्यातच असेल तर फोटो मागवून घ्या. हो, इथे फोटो चालतो.