मूलभूत हक्क जपून ठेवण्याची रीत

दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानातून आपण संविधानाची प्रत घेतली असेल, तर अभिनंदन. आता कृपा करून तिच्यावरचे प्लास्टिक काढू नका. शोकेसमध्ये चांदीच्या समईशेजारी ती शोभून दिसते आणि २६ नोव्हेंबरला फोटोपुरती हाताशी सापडते. वाचायला घेतलीत तर मूलभूत हक्कांचा तिसरा भाग, म्हणजे कलम १२ ते ३५, वाटेतच लागतो, आणि तो एकदा डोक्यात शिरला की भली माणसेही हुज्जत घालू लागतात.

भाड्याचे घर शोधताना ही काळजी विशेष घ्यावी. घरमालक जात विचारत नाही, तो सुसंस्कृत असतो. तो फक्त ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणतो आणि आडनाव ऐकून झाले की पुतण्या पुण्याहून परत येणार असल्याचे त्याला अचानक आठवते. अशा वेळी भेदभावाला मनाई करणारे कलम १५ काढू नये. त्यात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी सगळी नावे आहेत, पण भाड्याचा फ्लॅट नाही, हे घरमालकाला वकिलाच्याही आधी ठाऊक असते. त्या पुतण्याला शुभेच्छा देऊन पुढचा जिना चढावा.

हिवाळी अधिवेशनात शहरात मोर्चे येतात, तेव्हा आपण हुरडा पार्टीला जावे. कलम १९ शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क देते. वाजवी निर्बंधही तेच कलम मान्य करते आणि त्या निर्बंधांना नागपुरात बांबूचे कठडे म्हणतात. यशवंत स्टेडियमपासून घोषणा देत निघालेली माणसे मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडतात, रस्त्यावरच बसतात, पाच जणांचे शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जाते आणि पोचपावतीचा शिक्का घेऊन बाहेर येते. शिक्का सहसा स्पष्ट उमटलेला असतो, ही आपल्या लोकशाहीची जमेची बाजू नाकारता येणार नाही.

कलम ३२ ला डॉ. आंबेडकरांनी संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले, कारण हक्क हिरावला गेला तर त्यानुसार थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. दिल्ली लांब वाटत असेल, तर कलम २२६ खाली सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठातही दाद मागता येते. इमारतीचा घुमट सुरेख आहे; तो बाहेरून पाहावा.

राहिले कलम २२. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकील भेटू दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे, असे ते सांगते. हे पाठ करून मी एकदा माझ्या भाच्याला सोडवायला गेलो होतो. चौकात गाडी लावण्यावरून झालेल्या भांडणात त्याला उचलून आणले होते. ठाण्यात गेलो तेव्हा तो लाकडी बाकावर बसला होता, आणि एकाच पायात चप्पल होती. मी कलमाचा आकडा उच्चारला. हवालदारांनी रजिस्टरमधून मान वर न करता विचारले, ‘तुम्ही वकील आहे का?’ मी नाही म्हणालो. ‘मग बसा न तिकडं. त्याला अटक कुठं केली आहे? चौकशीला बोलावलं आहे.’

त्यातली मेख तुम्हीही लक्षात ठेवा. अटकेची नोंदच नसेल, तर २४ तास मोजायचे कुठून? नोंद होत नाही तोवर माणूस पाहुणा असतो, फक्त त्याला घरी जाता येत नाही. मग मीही भाच्याशेजारी बसलो. चार तासांनी साहेब आले, त्यांनी त्याला दोन शब्द सुनावले आणि ‘घेऊन जा’ म्हणाले. त्याची दुसरी चप्पल काही सापडली नाही. निघताना मी साहेबांचे मनापासून आभार मानले, आणि भाच्यालाही मानायला लावले.