चित्रकाराची ऑक्टोबरातली खोली

गेल्या डिसेंबरात मी फोंड्याला माहेरी होते आणि पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरला होता. २०१६ पासून डिसेंबरात भरणारा हा महोत्सव आता गोव्याच्या दिनदर्शिकेत पक्का बसला आहे, आणि त्याच्याबरोबर दरवर्षी उठणारा एक वादही. एका बाजूचे म्हणणे असे, की सुनापरान्त हे कलाकेंद्र २००९ पासून पणजीच्या आल्तिनो टेकडीवर आहे, पिळर्णला २०१५ पासून समकालीन कलेचे संग्रहालय आहे, महोत्सवाला देशभरातून लोक येतात, तेव्हा आता आणखी दालने उभारून गोव्याला आंतरराष्ट्रीय कलाकेंद्र करावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की हा सगळा बाहेरून आलेल्यांचा बाहेरच्यांसाठी चाललेला सोहळा आहे आणि गोमंतकीय चित्रकाराला त्यात भिंतीची कड तेवढी मिळते. आमच्या जेवणाच्या टेबलावरही हा वाद रोज झडत असे. माझी भाची, म्हणजे भावाची धाकटी मुलगी, स्वतः चित्रकार असूनही त्यात भाग घेत नव्हती. शेवटी एकदा तिने विचारले, "आत्या, तुमच्या त्या समुद्राकाठच्या चित्रकारांच्या गावात भाड्याची खोली कशी मिळते गं?"

तिचा प्रश्न सहज नव्हता. कला महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका जुन्या घराचा अर्धा भाग कामासाठी भाड्याने घेतला होता. मालकाशी ठरले ते असे, की जून ते सप्टेंबर घर त्यांचे आणि ऑक्टोबर लागला की रिकामे करायचे, कारण त्यानंतर तेच घर पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने देता येते. चार महिन्यांच्या पावसात त्यांनी काम केले, तेही बुरशीशी झगडत. कॅनव्हास ठेवलेल्या कपाटात दिवसरात्र दिवा पेटता ठेवून. पाऊस सरला, भिंती वाळल्या, उजेड स्वच्छ झाला आणि नेमकी तेव्हा त्यांना चित्रे टेंपोत घालून फोंड्याला परत आणावी लागली.

मी गेली १८ वर्षे बॉस्टनच्या एका उपनगरात राहते. उन्हाळ्यात दोनतीनदा तरी बॉस्टनच्या धक्क्यावरून दीड तासाच्या बोटीने मी प्रॉव्हिन्सटाउनला जाते. मॅसॅच्युसेट्स राज्याचा केप कॉड नावाचा भूभाग कोपरात वाकवलेल्या हातासारखा अटलांटिकमध्ये शिरला आहे, आणि त्याच्या मुठीत हे गाव आहे. तीन बाजूंनी पाणी, मागे वाळूच्या टेकड्या. पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशाने दुपारी चार वाजताही घरांच्या सावल्या निळसर दिसतात. कायमची वस्ती साडेतीन हजारांच्या थोडी वर. जुलै-ऑगस्टात ती कित्येक पटींनी फुगते. कमर्शियल स्ट्रीट नावाचा एकच लांब, अरुंद रस्ता किनाऱ्याला समांतर जातो आणि त्याच्या पूर्वेच्या टोकाकडे एकाला लागून एक अशी खासगी कलादालने आहेत. उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी नवी प्रदर्शने उघडतात. दारे सताड उघडी असतात, लोक एका दालनातून निघून दुसऱ्यात शिरतात, चित्रकार स्वतः चित्राशेजारी उभा असतो आणि कोणीही त्याला काहीही विचारू शकतो. पणजीत मला याच गोष्टीची ओढ लागते आणि आंतरराष्ट्रीय कलाकेंद्राची मागणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा असेच काहीतरी असावे. मात्र हा शुक्रवार कशावर उभा आहे, ते उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला दिसत नाही. मलाही पुष्कळ वर्षे दिसले नव्हते.

गावाची जुनी कमाई मासेमारीची. बोटींवर काम करणारी पुष्कळ कुटुंबे अझोर्स बेटांवरून आलेली पोर्तुगीज, त्यामुळे तिथल्या पाट्यांवर कोस्टा आणि सिल्व्हा ही आडनावे वाचताना माझ्यासारख्या गोंयकाराला क्षणभर मडगावात असल्यासारखे वाटते. १८९८ च्या नोव्हेंबरातल्या मोठ्या वादळाने तिथले अनेक धक्के मोडले आणि आधीच उतरणीला लागलेला धंदा आणखी खचला. पुढच्याच वर्षी, १८९९ मध्ये, चार्ल्स हॉथॉर्न या चित्रकाराने तिथे उघड्यावर चित्र काढायला शिकवणारी शाळा सुरू केली. विद्यार्थी आले, आणि गावात त्यांना हवी ती गोष्ट होती : मासे साठवण्याच्या, शिडे शिवण्याच्या, ओस पडलेल्या जागा, ज्या कोणालाही नको होत्या आणि म्हणून स्वस्त होत्या. १९१४ मध्ये फ्रँक डेज या लाकडाच्या व्यापाऱ्याने आपल्या वखारीच्या वर चित्रकारांसाठी खोल्या बांधल्या. त्याच वर्षी चित्रकार आणि गावातले व्यावसायिक यांनी एकत्र येऊन आर्ट असोसिएशन स्थापन केली, जी आज संग्रहालयासह उभी आहे आणि वर्षभर चालू असते. या दोन्ही गोष्टींकडे मी आपल्याकडच्या वादाच्या संदर्भात पाहते. हॉथॉर्न बाहेरचा होता, डेज गावचा होता, आणि कलेचे गाव दोघांनी मिळून घडवले. आतला की बाहेरचा या प्रश्नावर आपण जितकी शाई खर्च करतो, तितकी वखारीवरच्या खोल्यांवर केली असती तर माझ्या भाचीला टेंपो शोधावा लागला नसता.

भांडणे तिथेही झाली, आणि तीव्र झाली. १९२० च्या दशकात नव्या वळणाची चित्रे काढणारे आणि परंपरेने चालणारे यांचे इतके बिनसले, की १९२७ पासून असोसिएशनला दोघांची वेगवेगळी प्रदर्शने भरवावी लागली. दहा वर्षांनी दोन्ही गटांची चित्रे एकाच दालनात समोरासमोरच्या भिंतींवर लागली, दोघांचे परीक्षक मात्र वेगळे राहिले. मला ही तडजोड फार मोलाची वाटते, कारण त्यात कोणी कोणाचे मत बदलले नाही आणि कोणी दालन सोडूनही गेले नाही. आजही या संस्थेच्या काही प्रदर्शनांत कोणत्याही सभासदाला, परीक्षकांच्या चाळणीतून न जाता, आपले काम भिंतीवर लावता येते. एका उन्हाळ्यात मी तिथे एका नामांकित चित्रकाराच्या मोठ्या तैलचित्राशेजारी वहीच्या पानाएवढे एक जलरंगातले चित्र पाहिले. दोन्हींच्या खाली सारख्याच आकाराची नावाची चिठ्ठी होती.

आता मूळ मुद्द्याकडे येते. या गावाने कलेच्या जगाला दिलेली सर्वांत स्वतःची अशी गोष्ट म्हणजे पांढऱ्या रेषेचे काष्ठमुद्रण, आणि ते जन्मले उन्हाळ्यात नव्हे. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून परतलेले काही मुद्रणकार १९१५-१६ चा हिवाळा तिथे एकत्र राहिले. जपानी पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा कोरावा लागतो. नॉर्डफेल्ट या त्यांच्यातल्या एकाला त्याचा कंटाळा आला आणि त्याने एकाच फळीवर सारे चित्र कोरून, दोन रंगांच्या मध्ये एक बारीक चर ठेवून पाहिली. ब्लांश लाझेल या चित्रकर्तीने पुढे हे तंत्र आयुष्यभर हाताळले. काही वर्षांपूर्वी मी तिथल्या एका आठवड्याच्या वर्गात ते करून पाहिले. पाइनच्या मऊ फळीवर व्ही आकाराची चर कोरायची, कागद फळीच्या एका कडेला टाचण्यांनी पक्का करायचा, मग कुंचल्याने एकाच तुकड्याला जलरंग लावायचा, कागद खाली सोडून चमच्याच्या पाठीने घासायचा, उचलून पाहायचा आणि दुसऱ्या तुकड्याकडे जायचे. कौले, शीड, पाणी, असे एकेक करत. चरीत रंग जात नाही, म्हणून तिथे कागदाची पांढरी रेघ उरते. एक छाप निघायला मला पूर्ण दिवस लागला आणि ती दुसऱ्या छापेसारखी निघाली नाही, कारण या पद्धतीत दोन छापा सारख्या निघतच नाहीत. असे तंत्र सापडायला वेळ लागतो, आणि शेजारी त्याच कामात गढलेली पाचसहा माणसे लागतात. आठ-दहा दिवसांच्या महोत्सवात ते सापडत नाही. महोत्सव दाखवतो, आणि दाखवण्याचे काम मोलाचे आहे; मी दोनदा गेले आहे आणि दोन्ही वेळा पुष्कळ पाहून आले आहे. पण जे दाखवायचे ते आधी कुठेतरी, कोणाचे लक्ष नसताना घडावे लागते.

प्रॉव्हिन्सटाउनच्या चित्रकारांना हे वेळीच कळले. हान्स हॉफमन या नामांकित चित्रकार-शिक्षकाची तिथली उन्हाळी शाळा १९५८ मध्ये थांबली. १९६० च्या दशकात गाव पर्यटनाकडे झुकले आणि भाडी चढू लागली, तेव्हा तिथे राहणाऱ्या लेखक-चित्रकारांनी १९६८ मध्ये फाइन आर्ट्स वर्क सेंटर स्थापन केले. त्यात चित्रकार रॉबर्ट मदरवेल आणि कवी स्टॅन्ली क्युनिट्झ होते. पुढे या संस्थेने फ्रँक डेजची ती जुनी वखारच विकत घेतली. तिचा गाभा अगदी साधा आहे : दहा चित्रकार आणि दहा लेखक, बहुतेक उमेदीच्या वर्षांतले, १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असे सात महिने तिथे राहतात. त्यांना राहायला घर, कामाला जागा आणि महिन्याला थोडे विद्यावेतन मिळते. त्या बदल्यात त्यांच्याकडून भिंतीवर लावायला अमुक इतकी चित्रे मागितली जात नाहीत. उन्हाळ्यात त्याच आवारात फी भरून येणाऱ्या हौशी लोकांचे वर्ग भरतात. पैसे देणाऱ्यांचा मोसम आणि काम करणाऱ्यांचा मोसम यांची अशी सांगड मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मी एकदा फेब्रुवारीत तिथे गेले होते. बोट बंद असते म्हणून गाडीने गेले. कमर्शियल स्ट्रीटवरची बहुतेक दालने बंद होती, वाऱ्याने वाळू रस्त्यावर आली होती, आणि दोन हॉटेले सोडली तर खायला काही मिळेना. त्या वखारीच्या खिडक्यांत मात्र दिवे होते.

हे सांगताना मला गावाचे गोडवे गायचे नाहीत, कारण हा समतोल आता पार ढळला आहे. आज तिथे स्वतंत्र घराची किंमत सहज दहा लाख डॉलरच्या वर जाते आणि घरांचा मोठा हिस्सा वर्षातले थोडे आठवडे वापरणाऱ्यांच्या मालकीचा आहे. हिवाळ्यात मिळालेली खोली मे अखेरीस सोडायची, उन्हाळा मित्राच्या पडवीत किंवा गाडीत काढायचा आणि सप्टेंबरात पुन्हा खोली शोधायची, असा फेरा तिथल्या शिक्षकांच्या, स्वयंपाक्यांच्या आणि चित्रकारांच्या नशिबी आला आहे. महिने बदलले एवढेच, बाकी गोष्ट भाचीचीच. दालनांतून चित्रे विकली जातात, विक्रीच्या रकमेतला साधारण अर्धा वाटा दालन ठेवते आणि उरलेल्या अर्ध्यात त्या गावात घरभाडे बसत नाही. म्हणून ज्यांची चित्रे प्रॉव्हिन्सटाउनच्या भिंतींवर आहेत, त्यांतले अनेकजण आता प्रॉव्हिन्सटाउनला राहत नाहीत.

तरीही त्या अर्ध्या वाट्याच्या व्यवहारात आपल्याकडच्यापेक्षा एक न्याय आहे, तो नोंदवते. तिथे दालन चित्रकाराकडून जागेचे भाडे घेत नाही. चित्र विकले गेले तरच दोघांना पैसे मिळतात, त्यामुळे चित्र विकले जावे ही दालनाचीही गरज असते. आपल्याकडे मुंबईत प्रदर्शन करायचे म्हटले की आठवड्याचे भाडे, चौकटी, वाहतूक, पत्रिका आणि आठ दिवसांची राहण्याची सोय हे सारे चित्रकाराने आधी मोजायचे, आणि नावाजलेल्या दालनांत त्यासाठीही काही वर्षे रांगेत थांबायचे. कोल्हापुरातल्या माझ्या एका मित्राने अशी तारीख मिळाली तेव्हा पत्नीचे दागिने गहाण ठेवले. दोन चित्रे विकली गेली. त्याने पुन्हा अर्ज केलेला नाही. दालनांची संख्या वाढवा असे म्हणणाऱ्यांनी, ती कोणत्या व्यवहारावर चालणार, हे आधी सांगावे असे मला वाटते.

गोव्याबाबत माझे मत एवढेच आहे, की पुढचा रुपया भिंतीवर खर्च होऊ नये, छपरावर व्हावा. दहा माणसांना ऑक्टोबर ते मे सलग राहता येईल आणि काम करता येईल अशी एक जागा, मग ती बंद पडलेली शाळा असो, गोदाम असो की एखाद्या देवस्थानची रिकामी अग्रशाळा (भाविकांच्या मुक्कामाची जागा), आणि तिथे गोमंतकीय व परके अशी सरमिसळ. महोत्सव भरवणाऱ्यांकडे पैसा आणि ओळखी आहेत, विरोध करणाऱ्यांकडे गावातली माणसे आणि गावातल्या जागांची माहिती आहे, आणि १९१४ मध्ये त्या मच्छीमारांच्या गावात याच दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

परदेशातून असा सल्ला देणाऱ्याने स्वतःचे घर दाखवणे भाग आहे. आमचे फोंड्याचे घर दोनमजली आहे. वरचा मजला वडिलांनी माझ्या नावे केला. त्यात उत्तरेकडे तीन खिडक्या आहेत आणि मी तिथे वर्षातले २० दिवस राहते. उरलेले दिवस तो बंद असतो, तसा बार्देश आणि फोंड्यातल्या आमच्यासारख्या कितीतरी कुटुंबांचा असतो. बार्देशातल्या आसगावात घरे घेणाऱ्या दिल्लीकरांना मी नावे ठेवत होते तेव्हा भाची समोरच बसली होती आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती. ती मी जानेवारीत निघताना तिच्या हातात दिली. भावाने जिन्याखाली रंग धुवायला एक मोरी बांधून घेतली आहे. परवा तिने फोटो पाठवला : मधल्या खिडकीला टेकवलेला चार फुटी कॅनव्हास, त्यावर अजून नुसता पांढरा लेप, आणि बाजूला तिच्या मैत्रिणीची वळकटी.