थर्मोकपल बदलण्याआधी आउटपुट बघा

"व्हॅक्यूम फर्नेसचं तापमान गडबडलं की थर्मोकपल बदला, दुसरं काही नसतं. व्हॅक्यूममध्ये उष्णता सगळीकडे सारखी लागते, म्हणून स्क्रीनवर आकडा आला की जॉब तापला." नव्या ऑपरेटरच्या हाती हा सल्ला हमखास पडतो. (व्हॅक्यूम फर्नेस म्हणजे आतली हवा काढून घेतलेली भट्टी, थर्मोकपल म्हणजे तिचं तापमान मोजणारी दोन तारांची जोडी, आणि जॉब म्हणजे आत तापवायचा भाग.) त्यानं जॉब वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"दुसरं काही नसतं." भट्टी तापायला वेळ घेत असेल तर आधी कंट्रोलरचं आउटपुट, म्हणजे तो हीटरला किती टक्के वीज देतोय, ते बघा. ते १०० टक्क्यांवर असूनही तापमान मागे पडत असेल, तर तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरनं मोजा. एका फेजला कमी दिसला, तर हीटरच्या एलिमेंटला तडा, सैल जोड किंवा उडालेला फ्यूज शोधा. तिन्ही सारखे असतील, तर उष्णता कुठून निसटते ते बघा: हवेच्या गळतीनं खाल्लेलं ग्राफाइट फेल्ट (भट्टीच्या आतलं उष्णतारोधक अस्तर), नाहीतर नीट न मिटणारा कूलिंग फ्लॅप.

थर्मोकपल खोटं बोलतंच, हे मान्य. टाइप के जातीचं थर्मोकपल साधारण ८०० ते १०५० अंशांत, जेमतेम ऑक्सिजन असताना वापरलं की तारेतलं क्रोमियम आधी ऑक्सिडाइज होतं, तार हिरवट पडते आणि रीडिंग कमी येतं. मग कंट्रोलर भट्टी जास्त तापवतो आणि स्क्रीनवर सगळं सुरळीत दिसतं. तिथे बदलणंच योग्य.

"पण बदलल्यावर चाललं ना!" बदलताना टर्मिनलचे स्क्रू आवळले गेले, टोक दोन सेंटिमीटर आत सरकलं, दोष त्यातलाच असू शकतो. उलट, कंपेन्सेटिंग केबल (थर्मोकपलपासून पॅनलपर्यंतची खास तार) दोन्ही टोकांना उलटी जोडली असेल, तर थर्मोकपलचं हेड (तार जोडायची डबी) ६० अंशांवर आणि पॅनल ३० वर असताना रीडिंग सुमारे ६० अंश कमी येतं. नवं थर्मोकपल टाकूनही तेवढंच.

"उष्णता सारखी लागते" हे तर साफ चूक. व्हॅक्यूममध्ये उष्णता प्रारणानं, सरळ रेषेत जाते. मागच्या रांगेतला जॉब पुढच्याच्या सावलीत राहतो. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं: ११०० अंशांना ते ३०० अंशांच्या सुमारे ३३ पट असतं. म्हणून कमी तापमानाला नायट्रोजन भरून पंख्यानं फिरवतात.

आणि स्क्रीनवरचा आकडा कंट्रोल थर्मोकपलच्या टोकाचा असतो, जॉबच्या गाभ्याचा नव्हे. सर्वात जाड जॉबइतक्याच जाडीच्या ठोकळ्यात मध्यापर्यंत भोक पाडून लोड थर्मोकपल बसवा, आणि ते सेटपॉइंटच्या (ठरवलेल्या तापमानाच्या) टॉलरन्समध्ये आल्यावरच सोक, म्हणजे त्या तापमानाला धरून ठेवायचा वेळ, मोजायला लागा.