तुमचं कार्ड कोणत्या रंगाचं?

मला फक्त एक कप कॉफी हवी होती. बुफेतल्या मशीनमधून पडते ती नव्हे, कॉफीसारखी कॉफी. सिंगापूरहून पेनांग-फुकेतला निघालेल्या त्या क्रूझ बोटीच्या वरच्या डेकवर एक काचेचं दार होतं, आत मऊ खुर्च्या होत्या आणि वास थेट जिन्यापर्यंत येत होता. दारातल्या पोराने हसून माझं कार्ड मागितलं, पाहिलं आणि आणखी गोड हसून परत दिलं. हा लाउंज वरच्या कार्डवाल्यांसाठी होता. कंपनीच्या बोटींवर जितक्या जास्त रात्री काढाल, तितकं वरचं कार्ड. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला, त्या हातात वेगळ्या रंगाचं कार्ड, आणि मागून स्वच्छ मराठीत आवाज, "एमएससी कंपनीच्या बोटींवर असं नाही हो. तिथे दुसऱ्या कंपनीचं कार्ड दाखवलं तरी वरच्या वर्गात घेतात." एवढं ऐकवून ते गृहस्थ आत गेले. दार माझ्या तोंडावर बंद झालं, तेही अगदी अदबीने.

समुद्रावर जाऊन आपण काय शोधलं, तर पंक्तिप्रपंच. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या कार्डांना गोल्डपासून पिनॅकलपर्यंत सहा पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीला 700 गुण लागतात आणि साध्या खोलीत दोघं राहिलात तर रात्रीला माणशी एक गुण मिळतो. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं पाण्यावर काढायची. तेवढ्यात माणूस खलाशी म्हणून पगार घेऊन येईल. क्युनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी टू या बोटीवर तर तुमची खोली कुठली, यावर तुम्ही कुठल्या जेवणघरात बसायचं ते ठरतं. आमच्या आजीच्या माजघरात सोवळ्याओवळ्याचे नियम होते, पण निदान त्यांचं माहितीपत्रक छापलेलं नव्हतं.

संध्याकाळी जेवायला गेलो तर आमच्याच टेबलावर तेच गृहस्थ. मुलुंडचे, निवृत्त, पांढरे बूट. शेजारी काकू, शांत. काकांनी नाव-गाव काहीही न विचारता पहिला प्रश्न टाकला, "आतली की बाल्कनी?"

"आतली," मी म्हणालो.

"खिडकी?"

"आतल्या खोलीला कुठली खिडकी?"

"डिस्नेच्या बोटींवर असते." काकांनी नॅपकिन मांडीवर पसरला. "गोल पडदा. बाहेरच्या कॅमेऱ्यातून खरा समुद्र दाखवतो. मधूनच कार्टूनमधलं पात्र येऊन जातं."

"म्हणजे टीव्ही."

"टीव्ही कसा? खिडकी म्हणून लावलेला असतो."

सूप आलं. नॉर्वेजियन कंपनीच्या बोटींवर म्हणे जेवायची ठरलेली वेळच नसते, मनाला येईल तेव्हा जा. माझी बायको म्हणाली, "छान की." त्यावर काका म्हणाले, "छान काय? शिस्त नको?" आणि शिस्त हवी तर क्युनार्ड. तिथे दुपारचा चहा पांढरे हातमोजे घातलेले वेटर देतात. पुडिंगपर्यंत काका व्हर्जिन कंपनीच्या बोटींवर पोचले: बुफे नाही, अठराच्या आतली मुलं नाहीत. मग रॉयल कॅरिबियनची आयकॉन ऑफ द सीज, 2024 साली सुरू झालेली, वीस डेक, पोहायचे सात पूल.

"सात पुलांचं करता काय?" मी विचारलं.

"पर्याय असतो."

कळस मात्र कुत्र्यांनी गाठला. क्वीन मेरी टूवर कुत्र्यांना नेता येतं आणि त्यांना फिरायला वेगळी जागा आहे, हे मलाही कुठेतरी वाचल्याचं आठवत होतं. काकांनी तपशील पुरवला. "ब्रिटिश कुत्र्यांसाठी दिव्याचा खांब आहे आणि अमेरिकन कुत्र्यांसाठी न्यूयॉर्कमध्ये असतो तसला आगीच्या पाण्याचा नळ. ज्याची जशी सवय."

"आणि आपल्याकडचा कुत्रा गेला तर?"

काकांनी गंभीरपणे विचार केला. "त्याला व्हिसा लागेल," ते म्हणाले.

फुकेतला बोट धक्क्याला लागली नाही. समोर नांगर टाकला आणि आम्हाला छोट्या बोटींतून किनाऱ्यावर सोडलं. उन्हात रांगेत उभं राहताना मला आजोबा आठवले. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटीतून ते गावी जायचे. बोट खोल पाण्यात थांबायची आणि बोचकी, पोरं, कोंबड्या सगळं पडावात उतरायचं. कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेल्याच्या गोष्टी ते अभिमानाने सांगत. आता याच प्रकाराला टेंडर म्हणतात आणि त्यातही वरच्या कार्डवाल्यांना आधी सोडतात. आजोबांना बोट लागायची, पण कोणी रंग विचारल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही.

विषय निघालाच आहे तर पेयांचंही सांगतो. बहुतेक मोठ्या कंपन्यांचा नियम असा की एका खोलीतल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. माझी बायको कोकम सरबताच्या पुढे गेलेली नाही. तिने दिवसाकाठी कितीतरी डॉलर भरून काय करायचं, बर्फ खायचा? बरं, पॅकेज नको म्हणून सुटा पेला मागवावा, तर बिलात वर अठरा-वीस टक्के सेवाशुल्क. आणि त्याखाली आणखी टिप लिहायला रिकामी रेघ. ती रिकामी रेघ मला त्या काचेच्या दारापेक्षा जास्त लागली.

परतीच्या वाटेवर मी काकूंना विचारलं, "एवढ्या बोटी झाल्या तुमच्या, तुम्हाला कुठली आवडली?"

काकू म्हणाल्या, "आम्ही याच कंपनीच्या बोटीवर येतो. दर वर्षी. बाकीच्या यांनी यूट्यूबवर केल्यात."

आता त्या लाउंजच्या कार्डाचा उलगडा झाला. ज्या कंपनीला हा माणूस सकाळ-संध्याकाळ नावं ठेवत होता, तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या बोटीवर त्याने पाय ठेवला नव्हता. मला हसू यायला हवं होतं. थोडं आलंही.

पण शेवटच्या रात्री मी पाण्याच्या बाटलीचं बिल विचारायला काउंटरवर गेलो, तर रांगेत पुढे काका. बोटीवरच्या खात्यावर रोज माणशी चढणारी टिप काढून टाकायला सांगत होते. "ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर 2019 पासून टिपच नाही," असं त्या मुलीला ऐकवत होते. पी अँड ओने ती तिकिटाच्या दरातच धरली, हा भाग त्यांच्या व्हिडिओत नसावा. मुलीने वाद घातला नाही. दोघांचीही टिप काढली. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, विचारलं की मिळतं. तुम्ही विचारतच नाही."

आमच्या टेबलाचा वेटर मडगावकडचा होता. महिनोन्‌महिने घराबाहेर. काकांना भात मऊ लागतो, सूप उकळतं लागतं आणि जेवणावर ताक लागतं, हे त्याने पहिल्याच रात्री ध्यानात ठेवलं. बोटीवर ताक नव्हतं, तर दह्यात पाणी आणि मीठ घालून काट्याने घुसळून द्यायचा. रोज, न सांगता.

उतरायच्या दिवशी सकाळच्या नाश्त्यालाही त्याने ते आणून ठेवलं. काकांनी एक घोट घेतला आणि ग्लास बाजूला सारला. "मीठ जास्त झालंय. क्युनार्डवर..."

क्युनार्डवर ताक कुठून येतं हे ऐकायला मी थांबलो नाही. प्लेट उचलली आणि बायकोला घेऊन सरळ दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो.